शेजारची बंद, पडीक इमारत: अर्जात नेमकं काय लिहायचं?

गोखले_रोडकर
ठाण्यात नौपाड्यात सोसायटीच्या कंपाउंडला खेटून तळ अधिक दोन मजल्यांची जुनी लोड-बेअरिंग (भिंतींवर भार असलेली) इमारत बंद आहे. मूळ मालक हयात नाहीत, वारसांत वाद, दोन भाडेकरूंची कुलपं अजून तशीच. छज्ज्यात पिंपळ, गच्चीवरच्या टाकीत पाणी, आवारात कचरा. ‘खासगी जागा आहे’ म्हणून अर्ज परत येऊ नये यासाठी काय लिहावं? आणि इमारत पाडली तर भाडेकरूंचं काय?

प्रभाग_फाइल
सगळं एकाच अर्जात कोंबू नका. कचरा, डास आणि पडझड एकत्र लिहिलीत तर बहुधा फवारणी होते आणि तक्रार निकाली निघते.

पडझडीचा अर्ज प्रभाग समितीच्या सहाय्यक आयुक्तांच्या नावे स्वतंत्र द्या, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 264 चा उल्लेख करून. या कलमाला इमारत खासगी असल्याने फरक पडत नाही. ती पडण्याच्या बेतात आहे का आणि राहणाऱ्यांना किंवा जवळून जाणाऱ्यांना धोका आहे का, हे बघितलं जातं. त्यामुळे ‘जीर्ण झाली आहे’ एवढं पुरत नाही. तडा कोणत्या भिंतीत, कुठून कुठपर्यंत, त्याखालून कोणाची ये-जा, हे लिहा. फोटोत तड्याशेजारी मोजपट्टी धरा आणि महिन्याने त्याच जागेचा पुन्हा फोटो काढा. रुंदी वाढलेली दिसली तर फाइल हलते.

वारसांची नावं माहीत नसतील तर सिटी सर्व्हे कार्यालयातून मालमत्ता पत्रक (मालकांच्या नोंदीचा उतारा) काढून जोडा. 30 वर्षांवरच्या इमारतीला कलम 265 (अ) प्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट (मजबुतीची तपासणी) बंधनकारक आहे, त्याचीही मागणी त्याच अर्जात करा.

गर्डर_बघा_आधी
ऑडिटबद्दल एक सांगतो. रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक या काँक्रीटच्या चाचण्या. लोड-बेअरिंग इमारतीत भार विटांच्या भिंती पेलतात, तिथे त्या आकड्यांवरून फारसं काही ठरत नाही. भिंत ओळंब्यातून किती बाहेर आली, तुळयांची टोकं भिंतीत शिरतात तिथे कुजली आहेत का, लोखंडी गर्डरची खालची पाती गंजून किती उरली, हे अहवालात हवं. नसेल तर अहवाल परत करा.

निकाल चारपैकी एका वर्गात येतो. सी-1 म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-2अ म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-2ब म्हणजे लोक राहत असताना दुरुस्ती, सी-3 म्हणजे किरकोळ काम. मालक आणि भाडेकरूंचे अहवाल उलटसुलट आले तर प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं.

पागडीवाला_वकील
भाडेकरू कुलूप काढत नाहीत ते हक्क जाईल या भीतीने. इमारत पडल्याने किंवा पाडल्याने भाडेहक्क आपोआप संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये शहा रतनसी खिमजी प्रकरणात हेच म्हटलंय, आणि तिथेही इमारत महापालिकेनेच पाडली होती. मात्र पाडण्याआधी प्रत्येक खोलीच्या चटई क्षेत्राची मोजणी करून महापालिकेकडून लेखी घ्या. भिंतीच गेल्या की कोणाची खोली केवढी, यावर वर्षानुवर्षं भांडण चालतं.

सेक्टर_सतरा
नवी मुंबईत मोकळ्या पडीक प्लॉटचा मामला वेगळा. सिडकोने (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने) भाडेपट्ट्याने दिलेल्या प्लॉटवर ठरल्या मुदतीत बांधकाम झालं नाही तर पट्टेदाराला अतिरिक्त भाडेपट्टा शुल्क भरावं लागतं. म्हणून कचऱ्याचा अर्ज महापालिकेकडे आणि मुदतीचा सिडकोकडे. दुसऱ्या अर्जाकडे लोकांचं लक्षच जात नाही.

गोखले_रोडकर
आभार. पिंपळ आणि टाकीचं तोवर काही करता येईल?

गर्डर_बघा_आधी
पिंपळाला हात लावू नका. वरून छाटला तर पुन्हा फुटतो. मूळ उपटायला गेलात तर चुना सुटलेल्या भिंतीत तेच मूळ विटा धरून असतं, छज्जा खाली येईल. आधी टेकू, मग वृक्ष प्राधिकरणाची परवानगी, मग मूळ. टाकीसाठी आरोग्य विभागाला वेगळा अर्ज द्या आणि त्यात वॉशआउट (टाकीच्या तळाची निचरा-तोटी) उघडून पाणी सोडून द्यायला सांगा. नुसतं औषध टाकलं तर त्याचा असर संपल्यावर आठ-दहा दिवसांत पुन्हा डास तयार.