पेटीतून आलेल्या कपाटाला काळे स्क्रू मारू नका (मत मांडा)

तापीकाठ, जळगाव

नोकरी बँकेतली. शिरपूर, चाळीसगाव आणि आता जळगाव, असं बिऱ्हाड फिरतंय. सुटे भाग पेटीतून येतात आणि घरी जोडायचे असतात, तसलं पार्टिकल बोर्डाचं कपाट तिन्ही गावांना सोबत होतं. शिरपूरला पेटीतलेच स्क्रू लावले होते, कपाट जागचं हललं नाही. चाळीसगावला सामान उतरवताना स्क्रूची पिशवी हरवली. तिथल्या कारागिराने काळे स्क्रू, ज्यांना दुकानात जिप्सम स्क्रू म्हणतात, ते मशीनने भराभर मारून दिले. दुसऱ्या पावसाळ्यात दाराची वरची बिजागरी भुशासकट बाहेर आली आणि दार मुलीच्या पायावर पडलं. नखावर निभावलं. तेव्हापासून कुणी असं कपाट घेतलं की मी न विचारता हे सांगतो.

काळा स्क्रू मुळात जिप्समची शीट पातळ पत्र्याच्या चॅनलला धरायला केलेला आहे. तो कडक असतो, म्हणून ठिसूळही असतो. आडवा जोर आला की वाकण्याऐवजी मानेत तुटतो. वरचा काळा थर ओलीला फार दिवस अडवत नाही. पेटीत येतो तो जाड, बोथट टोकाचा, एलन कीने फिरणारा स्क्रू म्हणजे कन्फर्मॅट. साधारण ७ मिमी जाड आणि ५० मिमी लांब, आटे रुंद. बोर्डाच्या जाडीत मधोमध लाकडाचा चुरा भरड असतो, तिथे बारीक आट्याला धरायलाच काही मिळत नाही. रुंद आटा तो चुरा कवेत घेतो. हरवला तर तोच आणा, दुसरा चालवून घेऊ नका.

हार्डवेअर गल्ली, धुळे

दादा, लेकरू वाचलं हे देवाचं देणं. पण दोष चुकीच्या माथी मारताय. आग्रा रोडच्या मागे आमचं दुकान आहे. सुतारांना रोज सगळ्यात जास्त काळा स्क्रूच लागतो. प्लायवूडमध्ये पदर आडवे-उभे असतात, तिथे तो वर्षानुवर्षं धरून राहतो. तुम्हीच लिहिलंय की बिजागरी भुशासकट निघाली. म्हणजे स्क्रू तुटला नाही, गंजला नाही. तो शाबूत होता, बोर्डाने सोडलं. एकाच भोकात दोन गावांचे स्क्रू फिरले तर काय धरणार? त्या जागी पितळी असता, स्टीलचा असता, तरी तेच झालं असतं.

सातपुडा साग, नवापूर

मुळात हा चुरा घरात आणायचाच कशाला? आमच्याकडे आजोबांची सागवानी पेटी आहे. बिजागरीचे स्क्रू दोनदा बदलले, लाकूड तसंच्या तसं. एकदाच पैसे घाला आणि सुताराकडून करून घ्या.

तापीकाठ, जळगाव

नवापूरकर, सागाबद्दल वाद नाही. पण दुसऱ्या मजल्यावरचं भाड्याचं घर आणि दर तीन-चार वर्षांनी बदली, त्यात सागवानी कपाट टेम्पोत चढवायला चार माणसं लागतात. आमच्यासारख्यांची गरज वेगळी आहे.

धुळेकर, तुमचं एक म्हणणं मान्य. स्क्रू तुटला नव्हता, आणि तुटण्याचा मुद्दा मी उगाच पुढे केला. पण बोर्डाने का सोडलं ते बघा. बिजागरीच्या पट्टीचं भोक कारखान्यातूनच ५ मिमीचं येतं, कारण त्यात ६.३ मिमीचा आखूड युरो स्क्रू बसायचा असतो. कारागिराने त्यात साडेतीन मिमीचा काळा घातला. भोक ५चं आणि स्क्रू साडेतीनचा, मग आटा धरतो कशाला? तो तिरका घुसला, एका कडेवर टेकला आणि दार उघडता-मिटता ती कड खात गेला. बोर्ड कमजोर आहे म्हणूनच स्क्रूची निवड जास्त काटेकोर हवी.

मशीनशॉप, भुसावळ

तुम्ही दोघेही गंजाला हलकं घेताय. स्टेनलेस ३०४ घ्या आणि विषय संपवा. त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, घरातल्या ओलीने काही होत नाही. विकत घेताना चुंबक लावून बघा, चिकटला तर परत द्या.

पाचोऱ्याची सून

भाऊ, मी हे करून बसलेय. आमच्याकडे मेमध्ये पारा ४५च्या घरात जातो, कूलर दिवसरात्र चालू. चपलांचं कपाट कूलरशेजारी होतं आणि सगळे स्क्रू स्टेनलेसचे घातले होते, तुम्ही म्हणता तसेच. दोन उन्हाळ्यांत खालची कड फुगली. स्क्रू आजही चकचकीत आहेत, त्यांच्या भोवतीचा बोर्ड चहात बुडवलेल्या टोस्टसारखा झालाय. फुगलेला बोर्ड वाळला तरी पहिल्यासारखा घट्ट होत नाही. स्टीलचे पैसे वाया गेले. त्यापेक्षा कापलेल्या कडांना पट्टी चिकटवून घेतली असती आणि कपाट भिंतीकडे सरकवलं असतं तर ते वाचलं असतं.

आणि स्टेनलेस मऊ लागतो. मशीनने आवळताना दोन स्क्रूंच्या डोक्याच्या खाचा गुळगुळीत झाल्या, ते आता निघतही नाहीत.

मशीनशॉप, भुसावळ

खाचा गेल्या त्या बहुतेक बिटमुळे, म्हणजे मशीनच्या टोकाला लावतात त्या पात्यामुळे. पण कूलरचं पटलं, ताई. कडेचा विचार मी केला नव्हता. स्टेनलेसचा आग्रह मोरीजवळच्या आणि ओट्याखालच्या कपाटांपुरता ठेवतो.

हार्डवेअर गल्ली, धुळे

चुंबकाचंही सोडा. ३०४चा स्क्रू थंड ठोकून घडवलेला असला तर चुंबकाला थोडा ओढ देतो, आणि २०२ हा हलका प्रकार कित्येकदा चिकटतच नाही. गिऱ्हाईक चुंबक घेऊन येतं आणि चांगला माल परत करतं.

रंधा, अमळनेर

भो, चाळीस वर्सं रंधा धरेल माणूस शे मी. माले आसं वाटस, तुम्ही सगळे स्क्रू कोणता हेच बोलताय. स्क्रू कसा फिरवला हे कुणी बोलेना.

बोर्डात मशीनने शेवटपर्यंत आवळायचं नाही. डोकं टेकलं की थांबा आणि शेवटचा पाव फेरा हाताने द्या. मशीन अर्धा फेरा जास्त गेलं की आतले आटे भुसा होतात. मग स्क्रू नुसता फिरतो, बाहेरून काही कळत नाही.

खोललेलं कपाट परत जोडताना स्क्रू आधी उलटा फिरवायचा, हलक्या हाताने. कट्‌ करून खाली बसल्याचं बोटाला कळतं. तिथून सुलटा फिरवा, तो जुन्याच आट्यात जातो. तसं केलं नाही तर दर वेळी नवा आटा पडतो आणि तीन बदल्यांत भोक रिकामं.

बिटचंही सांगतो. डोक्यावर फुलीच्या मधे चार बारीक रेघा असतील तर तो पोझी स्क्रू, त्याला पोझीचाच बिट. साधा फुलीचा बिट घातला की घसरतो आणि खाच खातो. पाचोऱ्याच्या ताईंचं तेच झालं असेल.

आता तापीकाठ, तुमच्याशी माझं जमत नाही ते इथे. कन्फर्मॅट चांगलाच आहे, पण तोही लाकडात आटे पाडूनच धरतो. चार-पाचदा खोलला की सैल होणार. सतत बदली असणाऱ्याने मोठ्या जोडांना मिनीफिक्स, म्हणजे अर्धा फेरा फिरवून आवळायची धातूची चकती आणि तिच्यात अडकणारी खुंटी, असलेलं कपाट बघावं, किंवा बोर्डात आटेवाली धातूची बुशिंग बसवून बोल्ट वापरावा. मग झीज लोखंड-लोखंडाची होते, बोर्डाला हात लागत नाही. तुम्ही 'पेटीतलाच आणा' म्हणता ते एका जागी राहणाऱ्यासाठी ठीक आहे.

तापीकाठ, जळगाव

काका, बुशिंगचं पटलं, पुढच्या बदलीआधी करून घेईन. सध्या ते बिजागरीचं भोक जवळपास ८ मिमी फाटलंय. त्यात ८ची लाकडी खुंटी ठोकून परत युरो स्क्रू लावू का?

रंधा, अमळनेर

नाही. ८च्या खुंटीत ६.३चा स्क्रू घातला तर खुंटी चिरते. भोक १० मिमी करा म्हणजे फुगलेला चुराही निघून जाईल. बोर्ड १८ मिमीचा असेल तर ड्रिलच्या बिटला १४ मिमीवर चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर आरपार जाल आणि बाहेरच्या लॅमिनेटला भोक पडेल. फेविकॉल लावून १०ची खुंटी बसवा, एक पूर्ण दिवस हात लावू नका. मग मधोमध अडीच मिमीचं भोक आणि ४ बाय १६ मिमीचा चिपबोर्ड स्क्रू, म्हणजे अशा चुऱ्याच्या बोर्डासाठीच केलेला. काळा नाही, पांढरा किंवा पिवळा झिंकवाला. दार टांगताना खाली पुस्तकांची थप्पी लावा, वजन एकदम बिजागरीवर येऊ देऊ नका.

हार्डवेअर गल्ली, धुळे

काळ्याची बाजू मी प्लायवूडपुरती सोडत नाही. पण तुमच्या कामाला काकांनी सांगितलेलाच न्या. मोजून सहा घ्या, वरच्या बिजागरीबरोबर खालचीही एकदा तपासा. ती त्याच कारागिराने लावलेली आहे.