मृत साठा, अचल साठा की आणखी काही?

शब्दशोधक: पाणीपुरवठ्यावरच्या अहवालाचं भाषांतर चालू आहे. 'डेड स्टोरेज'ला, म्हणजे धरणाच्या तळाशी उरणाऱ्या पाण्याला, मी 'मृत साठा' लिहिलं. तपासनिसांनी ते खोडून 'अचल साठा' केलं. शेरा असा, की मृत साठ्यातून पिण्याचं पाणी उचललं हे वाचायला बरं वाटत नाही. काय ठेवावं?

पाटकरी: मृत साठाच. धरणांच्या रोजच्या तक्त्यात मृत, उपयुक्त, एकूण असंच छापतात. आणि अचल कसलं? बाष्पीभवन तिथूनही होतं.

तूंब: 'मृत'ही तितकंच फसवं. पुस्तकातली व्याख्या विमोचकाच्या (पाणी सोडायच्या दाराच्या) उंबऱ्याखालचं पाणी, म्हणजे जे आपोआप बाहेर पडत नाही ते. पण उजनी धरण उण्यात गेल्यावरही, म्हणजे उपयुक्त साठा संपल्यावरही, सोलापूरसाठी भीमेत पाणी सोडतात, तेही दारं उघडून. मग मेलं काय?

शुद्धमती: सरळ 'गाळसाठा' म्हणा. गाळासाठीच तर ती जागा सोडलेली असते. मराठी शब्द, अर्थही उघड.

पाटकरी: उघड, पण चुकीचा. नदी जलाशयात शिरते तिथेच वेग मंदावतो आणि वाळू, जाडा गाळ फुगवट्याच्या शेपटाशीच, म्हणजे भिंतीपासून दूरच्या टोकाला बसतो. तो उपयुक्त साठाच खातो. भिंतीपर्यंत येते ती बारीक माती. गाळाने कागदावरची वाटणी कधीच पाळलेली नाही.

शब्दशोधक: पण वाक्य "मृत साठ्यातून उचललं" असंच आहे. त्यात खटकतं ना?

तूंब: खटकू द्या, उचलणं खटकण्यासारखंच असतं. पाणी मागे सरलं की जॅकवेलपर्यंत (पंपाच्या विहिरीपर्यंत) चर खोदा, नाहीतर तराफ्यावर पंप चढवा. चर गाळाने बुजतो, पातळी फार उतरली की पंप हवा ओढतो. तळाशी प्राणवायू कमी, त्यामुळे लोह आणि मँगनीज विरघळून येतं. गढूळपणासाठी तुरटी वाढवतात, पण विरघळलेलं मँगनीज तिला दाद देत नाही. त्याचं आधी ऑक्सिडीकरण करून गाळावं लागतं, नाहीतर ते नळात जाऊन काळपट पडतं.

शुद्धमती: आणि धरणात 'उणे २० टक्के' पाणी असं लिहितात, ते काय मराठी आहे? उणे पाणी असतं का कुठे?

पाटकरी: टक्के उपयुक्त साठ्याचे धरतात. उजनीचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी (अब्ज घनफूट), मृत ६३.६६. उणे २० म्हणजे मृत साठ्यातले १०.७१ गेले, राहिले जवळजवळ ५३. उपयुक्त साठा काठोकाठ भरल्यावर असतो जवळपास तेवढंच पाणी अजून आत आहे, पण बातमी वाचणाऱ्याला वाटतं तळ कोरडा पडला. 'उणे' राहू द्या, शेजारी टीएमसी द्या.

शुद्धमती: टीएमसी नको, दलघमी लिहा. एक टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी.

तूंब: दलघमी तरी काय, दशलक्ष घनमीटरची आद्याक्षरंच. तीही कोणी उलगडून वाचत नाही.

शब्दशोधक: मग अचल की मृत?

शुद्धमती: त्याआधी सांगा, अहवालात "धरण भरलं" असं लिहिलंय का? धरण म्हणजे बांध, 'धृ' धातूवरून, धरून ठेवणारं ते. भरतो तो जलाशय.

पाटकरी: अहो, "जलाशय भरला" असं बोलताना कोणी ऐकलंय का?

तूंब: आणि "धरण भरलं, दारं उघडली" हा क्रमही नेहमी खरा नसतो. पावसाळा बाकी असेल तर पूर्ण संचय पातळी गाठण्याआधीच विसर्ग सुरू करतात.