पुढचं चाक घरीच काढायचंय, गाडी उभी कशावर ठेवू?

उशिरा_उठणारा
मंडळी जरा मदत करा. १५० सीसीची मोटरसायकल आहे, पुढे डिस्क ब्रेक, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सिस्टीम) नाही, टायर ट्यूबवाला. आज बघितलं तर पुढचं चाक पार बसलंय, पंपाने हवा भरली की अर्ध्या तासात परत तेच. तशीच ढकलत नेली तर रिम टायरवर घासून टायरची बाजू फाटणार, म्हणून म्हटलं चाकच काढावं आणि शेजाऱ्याच्या गाडीवर मागे बसून धरून न्यावं. मागचं चाक मी दोनदा काढलंय, ते सोपं, डबल स्टँडवर घेतली की चाक आपोआप अधांतरी. पुढचं मात्र जमिनीला टेकलेलंच राहतं. कारचा जॅक आहे घरात, तो सायलेन्सरच्या पाइपखाली लावला तर चालेल का? पान्यांचा सेट आहे, टॉर्क रेंच (नट किती जोराने आवळला ते दाखवणारा पाना) नाही. व्हिडिओ बघितले पण त्यात सगळ्यांकडे तो वर्कशॉपवाला स्टँड असतो, आमच्याकडे लाकडाचे दोन ठोकळे.

फक्त_वाचतो
मेकॅनिकला घरी बोलव ना राव. ब्रेकच्या चाकाशी कशाला खेळतोस.

नटबोल्ट
दोन ठोकळे म्हणजे भरपूर झालं. पाइपखाली जॅक अजिबात नको, पाइप दबतो आणि इंजिनला जिथे बसतो तिथे लीक व्हायला लागतो. इंजिनच्या खालून फ्रेमचा पाइप जात असेल तर त्याखाली लाव, नसेल तर इंजिनच्या तळाची सपाट जागा बघ आणि जॅक व इंजिनच्या मध्ये लाकूड ठेव. ऑइल काढायचा बोल्ट असतो तो आणि फिल्टरचं झाकण सोडून बरं का, त्यावर वजन आलं तर पंक्चर राहील बाजूला.

पण त्याआधी एक काम, आणि हे सगळे उलटं करतात. एक्सलचा, म्हणजे चाकाच्या मधून आरपार जाणाऱ्या दांड्याचा, नट चाक जमिनीवर असतानाच ढिला कर. गाडी उचलल्यावर तू लांब पाना लावून जोर मारणार, नट सुटणार नाही, गाडी सुटेल. अर्धा आटा फिरला की पुरे, मग उचल. पहिल्या गिअरमध्ये ठेव, आणि डबल स्टँडचा पाय दोरीने पुढे फ्रेमला बांधून टाक म्हणजे चुकून धक्का बसला तरी स्टँड मागे मिटणार नाही. मी एकदा दोरी नाही बांधली, गाडी हळूच पुढे सरकली आणि मी तिला मिठी मारून बायकोला हाका मारत दहा मिनिटं उभा होतो.

चाक जमिनीपासून दोन बोटं उचललं तरी बास, जास्त उंच नको.

ड्रमवाला_काका
डिस्कवाल्यांचं चालू द्या, पण हे वाचणाऱ्यात ड्रम ब्रेकवाले पण असतील म्हणून लिहितो. ड्रमला आधी ब्रेकच्या केबलचा ॲडजस्टिंग नट पूर्ण काढायचा, किलोमीटरची केबल सोडायची, मग एक्सल. काढणं काहीच नाही, लावताना लोक मार खातात. ब्रेक प्लेटला एक खाच असते आणि शॉकअपच्या नळीला एक उंचवटा, तो त्या खाचेत बसलाच पाहिजे. नाही बसला तर ब्रेक दाबल्यावर अख्खी प्लेटच चाकाबरोबर फिरते, केबल गुंडाळली जाते आणि चाक जागच्या जागी जाम. पुढचं चाक चालत्या गाडीत जाम होणं म्हणजे काय ते मी सांगायला नको. किलोमीटरच्या गिअरला पण दोन कान असतात, ते हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) खाचेत बसवून मगच आवळा, नाहीतर पहिल्या आवळण्यातच चेपतात. आणि शेवटचा नट आवळताना पुढचा ब्रेक दाबून धरायचा म्हणजे लायनर (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे तुकडे) ड्रमच्या मधोमध बसतात, ब्रेकला फरक पडतो, करून बघा.

उशिरा_उठणारा
नटबोल्ट दादा, दोरी बांधली, गाडी उचलली, नट निघाला. पण एक्सल ढिम्म हलत नाहीये. हातोड्याने दोन ठोकले तर टोकाचा आटा जरासा दबल्यासारखा वाटतोय. आता?

नटबोल्ट
अरे थांब थांब. हातोडा खाली ठेव. शॉकअपच्या अगदी तळाला, जिथून एक्सल आत जातो त्या बाजूला, एक छोटा आडवा बोल्ट दिसतोय का? तो पिंच बोल्ट, त्याने एक्सल चिमटीत धरलेला असतो. तो ढिला कर, काढायची गरज नाही. खरं तर नटाच्या आधीच तो ढिला करायचा, माझंच लिहायचं राहिलं.

तरी नाही आला तर चाकाचं वजन एक्सलवर लोंबकळत असेल. टायरखाली जाड वही नाहीतर चप्पल सरकव, चाक किंचित वर आलं की एक्सल मोकळा होतो, डोक्याकडून पाना लावून फिरवत फिरवत ओढ. ठोकायचंच असेल तर नट परत लाव, एक्सलच्या टोकाला सपाट होईल इतपत, आणि मध्ये लाकूड धरून मार. आटे गेले की एक्सल नवीन.

बाहेर काढायच्या आधी दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेव. दोन्ही बाजूंना एक्सलवर बुश, म्हणजे छोट्या नळ्या असतात, चाक खाली घेताना टपकन पडतात आणि मग कुठला कुठे ते कळत नाही.

पाना_चौदा
यात भर घालतो. चाक निघालं की कॅलिपरच्या (डिस्कला दोन्हीकडून चिमटीत धरणारा ब्रेकचा भाग) दोन पॅडमध्ये डिस्कएवढ्या जाडीचा पुठ्ठा किंवा लाकडाची चीप घालून ठेव आणि ब्रेकच्या लिव्हरला कोणालाही हात लावू देऊ नकोस. कॅलिपर काढावा लागला तर होजवर (ब्रेक ऑइलच्या नळीवर) लोंबकळत सोडू नको, तारेने वर बांध. चाक जमिनीवर ठेवताना डिस्कची बाजू वर. एबीएसवाल्यांनी सेन्सरची वायर ओढायची नाही, त्याचा छोटा बोल्ट काढून सेन्सर बाजूला करायचा.

चाक हातात आहेच तर बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवून बघ. खरखर लागली किंवा अडखळलं तर आत्ताच बदलून घे, परत हा उद्योग कशाला. एक्सल पण आरशावर नाहीतर काचेवर गडगडव, वाकडा असेल तर खालून उजेडाची फट दिसते.

उशिरा_उठणारा
चाक निघालं!! पंक्चर पण काढून आणलं, ट्यूबमध्ये बारीक तार घुसली होती. पण पाना_चौदा, तुमचा मेसेज मी चाक घेऊन आल्यावर वाचला. मी नसताना आमच्या चिरंजीवांनी गाडीवर बसून भुर्रर्र करत लिव्हर दाबला, आता दोन्ही पॅड एकमेकांना चिकटलेत, डिस्क आत जात नाही. रडू का हसू.

पाना_चौदा
एकदाच दाबला असेल तर रडू नको. लिव्हरजवळच्या ऑइलच्या डबीचं झाकण ढिलं कर, खाली फडकं धर, आणि पॅडच्या फटीत लाकडाची चपटी पट्टी घालून हळूहळू रेटत दोन्हीकडे लोट. स्क्रू ड्रायव्हरने पॅडचा मसाला उचकटतो, तो नको. पॅडला ढकलणारा पिस्टन मागे गेला की डबीत ऑइल वर येतं, सांडलं तर लगेच पाण्याने धू, ब्रेक ऑइल रंग खातं. पिस्टनच्या कडेने ऑइल पाझरताना दिसलं तर मात्र तिथेच थांब आणि मेकॅनिकला दाखव.

उशिरा_उठणारा
गेले पॅड मागे. चाक बसवलं, नट आवळला. पण चाक हाताने फिरवलं तर अर्धी फेरी घेऊन थांबतंय आणि शर्रर्र आवाज येतोय. टायरवरचा बाण बरोबर दिशेला आहे, ते बघितलं. आणि नट किती आवळू ते पण सांगा, टॉर्क रेंच नाही म्हटलं ना.

नटबोल्ट
फोटो काढले होतेस का बुशचे?

उशिरा_उठणारा
काढले. चाक काढल्यावर काढले. बुश फरशीवर आहेत फोटोत.

नटबोल्ट
😂 मग डावा-उजवा बदललाय. बऱ्याच गाड्यांत दोन्ही बुश सारखे नसतात, एक आखूड एक लांब. उलटे लावले की चाक एका बाजूला सरकतं आणि डिस्क कॅलिपरच्या मध्ये न येता एका पॅडला घासत राहते. परत काढ, अदलाबदल कर, एक्सलला ग्रीसचा पातळ हात मार, डिस्कला मात्र ग्रीसचं बोट पण लागू देऊ नको, लागलं तर ब्रेक क्लीनरने पूस.

नटाचं म्हणशील तर खरा आकडा तुझ्या गाडीच्या मॅन्युअलात बघ, या साइजच्या गाड्यांना साधारण ५० ते ७० न्यूटन मीटरच्या आसपास असतो. ६० धरला तर ३० सेंटीमीटर लांब पान्याच्या टोकाला २० किलो टांगल्यावर जेवढा ताण येतो तेवढा. पान्यावर उभं राहून नाचायचं नाही. हा अंदाज घरापुरता, नंतर कुणाकडे टॉर्क रेंच असेल तिथे जाऊन चेक कर.

पिंच बोल्ट सगळ्यात शेवटी. आधी लिव्हर पंप करत राहा, पहिल्या चार-पाच दाबांत तो हँडलपर्यंत रिकामा जाईल, कडक झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही. मग गाडी स्टँडवरून खाली घे, पुढचा ब्रेक धरून शॉकअप पाच-सहा वेळा दाब म्हणजे दोन्ही नळ्या आपापल्या जागी सरळ बसतात, आणि मग पिंच बोल्ट. तो बारीक असतो, हाताच्या जोरात तुटतो, बेताने.

उशिरा_उठणारा
तीच भानगड निघाली. एक बुश बोटाच्या पेराएवढा, दुसरा त्याच्या निम्मा, आणि माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बदलल्यावर हाताने फिरवलं तर चार-पाच फेऱ्या घेतंय, आवाज बंद. लिव्हर कडक झाला, शॉकअप पण दाबून झाले. फक्त पिंच बोल्ट राहिलाय, तो जेवून करतो.

नटबोल्ट
आत्ता कर. जेवण कुठे पळत नाही.

उशिरा_उठणारा
केला. हात ग्रीसचेच आहेत, टायपिंग बघा.