मदत हवी आहे: शिकागोचा स्टँडअप आणि घरून काम करणारी टीम

नमस्कार मंडळी. मी पुण्यात प्रोजेक्ट मॅनेजर आहे. टीम सांगली, नागपूर, पुणे अशी विखुरलेली, सगळे घरूनच काम करतात. क्लायंट शिकागोचा. त्यांचा सकाळी ९ चा स्टँडअप, म्हणजे कामाचा अपडेट द्यायचा रोजचा छोटा कॉल, सध्या आपल्याकडे संध्याकाळी ७.३० ला असतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर मागे जातात, की तोच कॉल ८.३० वर येतो. सांगलीच्या टेस्टरचं बाळ नेमकं तेव्हाच झोपतं. ती कॅमेरा बंद ठेवून कुजबुजत अपडेट देते. मला ते बघवत नाही.

रोजचा अपडेट जिरावर (कामं नोंदवायचं सॉफ्टवेअर) लेखी आणि कॉल आठवड्यातून दोनदाच, असं सुचवायचंय. कामावरची पकड सुटेल, अशी क्लायंटला भीती. कुणी हे पटवून दिलंय का? अडलेलं काम वेळेत कळावं म्हणून काय नियम ठेवलेत?