मदत हवी आहे : १२ व्होल्ट बॅटरीवरून ईएसपी३२ साठी कोणता बक कन्व्हर्टर घ्यावा?

नमस्कार. विहिरीची पाणीपातळी दर पंधरा मिनिटांनी कळवणारे यंत्र मी ईएसपी३२ (वाय-फाय असलेला मायक्रोकंट्रोलर बोर्ड) वर बांधत असून ते १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवर बॅटरी आणि छोट्या सौर पॅनेलवर चालणार आहे. प्रथम ७८०५ (५ व्होल्ट देणारा साधा रेषीय रेग्युलेटर) लावून पाहिला. परंतु वाय-फाय चालू असताना ३०० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह गेला की ७ व्होल्टच्या फरकामुळे सुमारे २ वॉट नुसत्या उष्णतेत जातात आणि हीटसिंकशिवाय त्याला बोट लावणे अशक्य होते. बक कन्व्हर्टरपैकी (फारशी उष्णता न करता व्होल्टेज उतरवणारे स्विचिंग मॉड्यूल) एलएम२५९६ सहज मिळतो, मात्र भार नसतानाही तो स्वतःसाठी साधारण ५ मिलिअँपिअर, म्हणजे दिवसाला १२० मिलिअँपिअर-अवर घेतो, आणि आषाढातल्या ढगाळ आठवड्यात ते परवडणारे नाही. एमपी१५८४ बराच काटकसरी आहे, पण त्याची इनपुट मर्यादा २८ व्होल्ट असल्याने त्याच बॅटरीवरील रिलेमुळे येणाऱ्या व्होल्टेजच्या उसळीची मला धास्ती वाटते.

इनपुटवर टीव्हीएस डायोड (व्होल्टेजची उसळी दाबणारा) लावणे एवढे संरक्षण पुरेसे ठरेल का? तसेच, ईएसपी३२ बोर्डावरील एएमएस१११७ (३.३ व्होल्टचा रेग्युलेटर) देखील स्वतःसाठी प्रवाह खातो (हे मला उशिरा लक्षात आले), तेव्हा कन्व्हर्टर ३.३ व्होल्टवर बसवून थेट बोर्डाच्या ३.३ व्होल्ट पिनला जोडणे सुरक्षित आहे का? प्रत्यक्ष वापरलेल्यांनी कृपया सांगावे.