दोन फुटी टाकीत सिक्लिड: 'कोणासोबत कोण?' हे विचारावं तरी का?

शेवाळलेला

मंडळी, विषय जुनाच आहे. पण मी तो मासे मारून शिकलो, म्हणून धागा काढतोय.

माझी टाकी 60 × 30 × 30 सेंमी. हिशेबाने 54 लिटर, पण वाळू, दगड, लाकूड घातल्यावर पाणी 45 लिटरच्या आसपास. आधी गप्पी आणि टेट्रा होते, सगळं छान चाललं होतं. मग सिक्लिडची, म्हणजे आपापली हद्द राखणाऱ्या माशांच्या एका मोठ्या कुळाची, हौस आली. दुकानात 'मिक्स आफ्रिकन' म्हणून सहा पिल्लं मिळाली, एकेक दोन इंचाच्या आत. पिवळं, निळं, पट्ट्यापट्ट्यांचं. "लहानपणापासून एकत्र वाढले की भांडत नाहीत," असं दुकानदार म्हणाला आणि मला ते पटलं.

पहिले दोन महिने खरंच कोणी भांडलं नाही. मग निळा वयात आला.

शेवटी उरलेली पिवळी अजून डोळ्यासमोर आहे. फिल्टरच्या पाइपामागे, पाण्याच्या अगदी वरच्या थराला, नाक वर करून उभी असायची. शेपटीचा पडदा जाऊन नुसत्या काड्या उरलेल्या. दाणे टाकले की हळूच बाहेर यायची. निळा पलीकडच्या टोकाला दगडात, तोंड भिंतीकडे, जणू त्याचं लक्षच नाही. ही चार बोटं पुढे सरकली की तो आलाच! 60 सेंमी त्याला एका झेपेत पुरायचे. मी वेगळी टाकी जमवेपर्यंत ती गेली.

तर माझं मत: 50-60 लिटरमध्ये 'कोणता सिक्लिड कोणाशी जमतो' असे तक्ते शोधू नयेत. सिक्लिडची एकच जात ठेवावी, एक जोडी किंवा एक वसाहत. दुसरा सिक्लिड नकोच. कोणाला हे पटत नसेल तर सांगा.

खडकमासा

मला पटत नाही. तुम्ही मासे चुकीचे घेतले आणि नियम सगळ्यांसाठी काढला.

तुमच्या वर्णनावरून ते मलावी सरोवरातले म्बुना होते, म्हणजे खडकांत राहून शेवाळ खरवडणारे. त्यांची तऱ्हाच अशी की संख्या कमी असली की मार एकावरच पडतो. म्हणून लोक मुद्दाम गर्दी करतात, एका नरामागे तीन-चार माद्या ठेवतात, फिल्टर दुप्पट लावतात. नराला कोणा एकाच्या मागे लागायला सवड मिळत नाही. सहा वेगवेगळ्या जातींची, नर-मादी ठाऊक नसलेली पिल्लं म्हणजे भांडणाला आमंत्रणच.

माझ्याकडे अडीच फुटी टाकीत पाच यलो लॅब आहेत. म्बुनांत ही जात सगळ्यात शांत म्हणतात. वर्ष झालं, एकही मेला नाही.

काठावरचा बगळा

खडकमासा, गर्दीचा उपाय खरा आहे, पण तो दोनशे लिटरच्या पुढचा आहे. 54 लिटरात गर्दी केलीत तर पळणाऱ्याला पळायला जागा नाही आणि पाणीही दगा देणार.

ते कसं, सांगतो. मलावीच्या माशांना कठीण (क्षार जास्त असलेलं), अल्कधर्मी पाणी लागतं, पीएच 8 च्या वर. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. त्याचा काही भाग बिनविषारी अमोनियम असतो, काही विषारी अमोनिया. कोणाचा किती हे पीएच ठरवतं. 25 अंशांना पीएच 7 असेल तर विषारी भाग अर्ध्या टक्क्याच्या जवळपास, 8.5 ला तोच सुमारे 15 टक्के. म्हणजे तेवढीच घाण, पण विष पंचवीस-तीस पट. मोठ्या टाकीत एक रात्र वीज जाऊन फिल्टर बंद पडला तर निभावतं. छोट्या, गच्च भरलेल्या, पीएच 8.5 च्या टाकीत सकाळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात.

आणि पाच लॅब वर्षभर जगले याचा अर्थ ते सुखात आहेत असा होत नाही. ते पूर्ण वाढले की 10 सेंमीच्या आसपास जातात. तुमचे आत्ता केवढे आहेत?

खडकमासा

सात-आठ सेंमी. हो, एक मादी जरा कोपऱ्यात असते. पण ती तोंडात अंडी घेऊन आहे, म्हणून असेल.

काठावरचा बगळा

असेल. अंडी-पिल्लं तोंडात घेऊन ती साधारण तीन आठवडे काढते, जवळजवळ उपाशी. पिल्लं सोडून दिल्यावरही मादी कोपऱ्यातच राहिली तर कारण दुसरं आहे, एवढं लक्षात ठेवा.

शंखात राहणारी

शेवाळलेला, तुमचं 'एकच जात' मला मान्य. पण ते शिक्षा सुनावल्यासारखं का लिहिलंय? एक जात म्हणजे कंटाळवाणी टाकी, असं मुळीच नाही.

माझ्याकडे तुमच्याएवढ्याच टाकीत टांगानिका सरोवरातले मल्टी आहेत. पूर्ण नाव निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस. नर चार-साडेचार सेंमीचा, मादी तीनच्या आसपास. सिक्लिडमधल्या सर्वांत लहान जातींपैकी एक. सरोवराच्या तळाशी निओथॉमा नावाच्या गोगलगायींच्या रिकाम्या शंखांचे थर पडलेले असतात, त्यांतच यांचा सगळा संसार.

मी सहा पिल्लं आणली. तळाला पाच सेंमी बारीक वाळू, वीसेक शंख. पहिले दोन दिवस मासे दिसलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर वाळूचा नकाशा बदललेला! आपल्या शरीराएवढा ढीग तोंडात भरायचा, दोन इंच लांब नेऊन शेजाऱ्याच्या दारात ओतायचा. शेजारी तो उचलून परत इकडे. भांडण म्हणजे एवढंच: कल्ले फुगवायचे, तोंडाला तोंड लावायचं, आणि आपापल्या शंखात. प्रत्येकाची हद्द वीतभर. वीतभर हद्दीला 60 सेंमी म्हणजे अख्खं गाव झालं.

पिल्लं झाली की शंखाच्या तोंडाशी डोळे असलेले ठिपके दिसतात. मोठी भावंडं हाकलली जात नाहीत, तिथेच राहतात. एका टाकीत तीन-तीन पिढ्या.

सोबत काय ठेवावं म्हणाल तर काही नाही. मला एकाने अल्टोलॅम्प्रोलोगस कॅल्वस सुचवला होता, त्याच सरोवरातला, दिसायला देखणा, वाढीला सावकाश. पण तो 12 सेंमीच्या पुढे जातो आणि माझी पिल्लं वेचून खाईल. नको रे बाबा.

मेंढा नव्हे

आफ्रिकेतून बाहेर या की जरा! दक्षिण अमेरिकेतले छोटे सिक्लिड विसरलात का?

रॅमची एक जोडी. (नाव वाचून मेंढा आठवतो, पण त्याचा संबंध नाही, मॅन्युएल रामिरेझ या मासे गोळा करणाऱ्यावरून ते पडलंय, म्हणून माझंही टोपणनाव असं.) व्हेनेझुएला-कोलंबियातल्या ओरिनोकोच्या खोऱ्यातला मासा, पाचेक सेंमीचा, स्वभावाने सभ्य. वरच्या थरात आठ-दहा कार्डिनल टेट्रा. सिक्लिड एकच जात, पण टाकी भरलेली. आणि टेट्रा नुसते शोभेला नसतात. वर लहान मासे निवांत फिरताना दिसले की सिक्लिडला वाटतं, धोका नाही. मग तो उघड्यावर येतो. एकटी जोडी ठेवा, दिवसभर लाकडाखाली बसेल.

म्हणजे 'दुसरा सिक्लिड नको' हे ठीक, पण सोबत कोणीच नको हे नाही.

शंखात राहणारी

मल्टींना टेट्रा लागत नाहीत. ते भित्रे नाहीतच. टाकीत हात घातला तर बोटाला चावायला येतात, साडेचार सेंमीचे.

काठावरचा बगळा

रॅमबद्दल एक पुरवणी. त्याला 27 ते 30 अंश पाणी हवं, मऊ आणि जरा आम्लधर्मी. कार्डिनलला ते चालतं. पण लोक तळ साफ राहावा म्हणून कोरिडोरास (तळाशी चरणारे लहान मिशाळ मासे, थोडक्यात कोरी) टाकतात. बहुतेक कोरींना एवढी उष्णता सोसत नाही, आणि रॅमची अंडीही तळाशीच, सपाट दगडावर. कोरीला हद्द हा प्रकारच कळत नाही. मार खाऊनही ती पुन्हा मिशा हलवत तिथेच येते.

शिवाय बाजारातले रॅम अनेकदा नाजूक निघतात, पिढ्यान्‌पिढ्या रंगासाठी जोड्या लावल्याने. नवशिक्याने बोलिव्हियन रॅम बघावा. रंग फिका, पण काटक, आणि 25-26 अंशांतही खुश. फक्त तो सात-आठ सेंमी होतो, तेव्हा 54 लिटर ही त्याची अगदी खालची मर्यादा समजा.

गुहेतली पिवळी

अपिस्टोग्रामाचं, दक्षिण अमेरिकेतल्याच दुसऱ्या छोट्या सिक्लिडचं, नाव अजून कोणी कसं घेतलं नाही?

आणि 'एक जोडी ठेवा, निश्चिंत व्हा' हे शेवाळलेल्याचं वाक्य मला खोडायचंय. माझी त्यातल्याच काकाटुऑइडिस जातीची जोडी होती, टाकी दोन फुटी. नर आठ सेंमीचा, पंख कसे ज्वाळांसारखे. मादी पाच सेंमी, एरवी मातकट. नारळाच्या करवंटीची एकच गुहा ठेवली होती, ही माझी चूक. अंडी घातली आणि मादी एका रात्रीत हळदीसारखी पिवळीधमक झाली, वर काळे पट्टे. त्या दिवसापासून अख्खी टाकी तिची! तिच्या दीडपट नराला तिने हीटरच्या मागे कोंडला. चौथ्या दिवशी त्याचे पंख फाटलेले बघून मी त्याला बादलीत काढला.

निसर्गात नर आपला निघून जातो, त्याच्या हद्दीत दोन-तीन माद्या असतात. टाकीत जाणार कुठे? तेव्हा जोडी असली तरी दोन टोकांना दोन गुहा, मध्ये नजर अडेल असं लाकूड किंवा दाट झाडं, आणि नराला काढून ठेवायला दुसरी काहीतरी सोय. हे जमणार नसेल तर अपिस्टो घेऊ नका.

रिकामी टाकी

सगळं वाचलं. प्रत्येकाच्या उत्तरात 'खालची मर्यादा', 'दुसरी सोय हवी', 'एकच गुहा ही चूक' हे आहेच. मग सरळ का म्हणत नाही की 54 लिटर सिक्लिडसाठी नाहीच? एंजल हाही सिक्लिडच, तो तर याच मापाच्या टाकीत सर्रास दिसतो. पंखांसकट त्याची उंची 20 सेंमीच्या वर जाते, टाकीची उंची 30, त्यात तळाची वाळू. तो वळणार कसा? ऑस्कर या मोठ्या सिक्लिडची पिल्लंही लोक अशाच टाकीत घालतात, तो तर फूटभर होतो. 'छोटी टाकी चालते' असं एकदा म्हटलं की माणूस त्यातून आपल्या सोयीचं तेवढंच ऐकतो.

शंखात राहणारी

ऑस्करची चूक माझ्या मल्टींच्या माथी कशाला? साडेचार सेंमीचा, जन्मभर शंखापासून वीतभर लांब न जाणारा मासा आणि फूटभराचा ऑस्कर, दोघांना 'सिक्लिड' म्हणून एकाच तराजूत घालता येत नाही. या कुळात दीड हजारावर जाती आहेत.

रिकामी टाकी

मल्टी सोडले. बाकीचं मत कायम.

खडकमासा

मीही एवढं मानतो की सुरुवातीलाच मी म्बुना सुचवायला नको होते. पण लॅबबद्दलचं मत बदललेलं नाही. चार फुटी टाकीचं बघतोय. तोवर त्या मादीसाठी आजच वर फ्लोटिंग बॉक्स (तिला वेगळं ठेवायची तरंगती पेटी) लावला. तो कोपरा माझ्याही डोक्यात बसलाय.

शेवाळलेला

बगळेराव, तुमच्यामुळे पाणी तपासलं. नळाचं पाणी पीएच 8, चांगलंच कठीण. म्हणजे रॅम करायचा तर मला दर आठवड्याला पाणी मऊ करत बसावं लागेल, आणि माझा आळस मला माहीत आहे. गुहेतली पिवळी, तुमचंही पटलं. 'जोडी ठेवा' मी फार सहज लिहून गेलो.

निळ्याला ओळखीतल्या एकाच्या पाच फुटी टाकीत दिलं. तिथे वीसेक म्बुना आहेत. पहिल्याच दिवशी त्याला दोघांनी पिटाळला आणि हे महाशय फिल्टरच्या पाइपामागे जाऊन उभे! वाईटही वाटलं आणि हसूही आलं. आता बरा आहे म्हणे, एक दगड मिळवलाय.

मल्टी ठरले. टाकी चालूच आहे, फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणू टिकून आहेत, फक्त खडी काढून बारीक वाळू घालतो. ताई, एकच विचारायचं होतं: शंख नुसते धुऊन चालतील की उकळायला हवेत? आणि ठेवायचे कसे?

शंखात राहणारी

उकळा, दहा मिनिटं. आत वाळलेलं काही राहिलं असेल तर नंतर पाणी नासतं. मग वाळूवर कसेही टाका, फक्त तोंड उघडं राहू द्या. रचून-बिचून ठेवू नका. मी रांगेत मांडले होते, दुसऱ्या दिवशी त्यांतले निम्मे वाळूखाली गेलेले होते.