बॅकलॉग म्हणजे अनुशेष का? (अजाइलवाल्यांचे शब्द मराठीत)

दूधवाला प्रोग्रॅमर
मंडळी, मदत हवीये. आमची सात जणांची टीम आहे कोल्हापुरात, दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवतो, म्हणजे वजन-फॅट-एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) नोंदवायचं आणि दर दहा दिवसांनी उत्पादकाचं बिल काढायचं. वर्षभर झालं स्क्रमने, म्हणजे ठरलेल्या लांबीच्या छोट्या टप्प्यांत काम करायच्या अजाइल पद्धतीने, काम चालू आहे आणि दर रिव्ह्यूला (टप्प्याच्या शेवटी झालेलं काम दाखवायची बैठक) दोन-तीन संस्थांचे सचिव येऊन बसतात, तर त्यांच्यासाठी पानभर मराठी टिपण करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. स्टँडअप (रोजची छोटी बैठक), रेट्रो (टप्पा कसा गेला त्यावरची चर्चा) हे तसंच ठेवणार, त्यात वाद नाही. अडकलो ते प्रॉडक्ट बॅकलॉगला. शब्दकोशात "अनुशेष" मिळाला, टाकला. एक सचिव वाचून म्हणाले, "एवढं काम तटलंय व्हय तुमचं? आणि आम्हाला सांगितलं न्हाई?"

जुना टेस्टर
सचिव बरोबर आहेत हो, शब्द चुकलाय. अनुशेष म्हटलं की महाराष्ट्रात पहिलं आठवतं ते विदर्भ-मराठवाड्याचं, 1984 साली दांडेकर समितीने सगळ्या राज्याचा मिळून 3,186 कोटींचा अनुशेष काढला होता तो. म्हणजे जे व्हायला हवं होतं आणि झालं नाही ते, देणं. आणि इंजिनियरिंगच्या पोरांना विचारा, बॅकलॉग म्हणजे राहिलेला विषय, नुसतं नाव काढलं तरी पोटात गोळा. प्रॉडक्ट बॅकलॉग तसला नसतोच, ती पुढे करता येईल अशा कामांची यादी, महत्त्वाचं वर, बाकीचं खाली, आणि तळाची अर्धी कधीच केली नाहीत तरी कोणाचं देणं लागत नाही. गंमत म्हणजे इंग्रजीत हा शब्द मुळात चुलाण्यातला, आगीच्या मागच्या बाजूला ठेवलेला मोठा ओंडका. पुढची लाकडं जळून जातात, हा मागे धुमसत असतो. मी सरळ "पुढच्या कामांची यादी" लिहीन. रुबाबदार नाही पण कोणी घाबरणार नाही.

तिहाई
यादी पटली. पण "क्रमवार यादी" लिहा, कारण क्रम कोण लावतो तिथेच सगळी मेख आहे, तो प्रॉडक्ट ओनरने (प्रॉडक्टमध्ये आधी काय हवं ते ठरवणारा माणूस) लावायचा, ज्याचा आवाज मोठा त्याने नाही :)

माझं खरं दुखणं स्प्रिंट, म्हणजे स्क्रममधला तो ठरलेल्या लांबीचा टप्पा. ह्या शब्दाने लोकांचं डोकं फिरवलंय, मॅनेजरला वाटतं दर दोन आठवड्यांनी शंभर मीटर पळायचं, मग दम कधी खायचा? स्क्रमच्या नियमात स्प्रिंट एक महिना किंवा त्याहून कमी एवढंच आहे, आणि एक संपला की लगेच दुसरा. वेगाबद्दल अक्षर नाही, ठरलेल्या लांबीबद्दल आहे. मी तबला शिकलोय म्हणून म्हणतो, ह्याला आपल्याकडे आवर्तन म्हणतात. तीनताल म्हणजे 16 मात्रा, तुम्ही मध्ये काय वाजवताय ते वाजवा पण समेवर, म्हणजे पुन्हा पहिल्या मात्रेवर, यायचंच, मात्रा 17 करून मिळत नाही. रिव्ह्यू म्हणजे सम. काम उरलं तर ते परत यादीत जातं, आवर्तन लांबत नाही.

जुना टेस्टर
वा, पण सचिव शेतकरी माणसं. त्यांना आवर्तन म्हणजे कालव्याचं पाणी, आणि ते ठरल्या तारखेला कधी सुटलंय? तुमचा स्प्रिंट पण तसाच समजतील.

तिहाई
😂 हे नव्हतं लक्षात आलं. मागे घेतो.

दूधवाला प्रोग्रॅमर
मला आत्ता सुचलं, आमच्याकडे बिल दर दहा दिवसांनी निघतं, दूध कमी येवो जास्त येवो, तारीख हलत नाही. "बिलाच्या मुदतीसारखं" असं सांगितलं तर? शब्द स्प्रिंटच ठेवतो, समजावताना हे.

मराठीची मास्तरीण
ते झकास. आता मूळ शब्दाचं बोला की, अजाइल. सगळीकडे "चपळ" बघितलंय आणि लोक हसतात, पण मला तो आवडतो. 2001 च्या फेब्रुवारीत अमेरिकेत युटाहमधल्या स्नोबर्डला 17 जण जमले आणि जाहीरनामा लिहिला, त्यात एक ओळ अशी की ठरलेल्या योजनेला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देणं जास्त मोलाचं. आता कबड्डीतला चपळ चढाईपटू आठवा. तो सगळ्यात जोरात पळणारा नसतो, ऐनवेळी अंग वळवणारा असतो. चपळ आणि वेगवान ह्यात मराठीने आधीच फरक केलेला आहे, आपणच विसरतो. "गतिमान" मात्र कृपा करून लिहू नका, ते सरकारी जाहिरातीत असू दे.

दूधवाला प्रोग्रॅमर
ताई, चपळ घेतला. आता शेवटचं आणि सगळ्यात अवघड, डन, म्हणजे काम पूर्ण झालं असं कधी म्हणायचं. त्याची व्याख्या आम्ही भिंतीवर लावलीये, कोड दुसऱ्याने बघितलेला, टेस्ट झालेला, आणि एका संस्थेच्या खऱ्या डेटावर बिल बरोबर आलेलं. तरी काल स्टँडअपला एक पोरगा म्हणतो "झालंच आहे". मी विचारलं झालंय की झालंच आहे? तर म्हणे झालंच आहे, फक्त म्हशीच्या दुधाचा दर राहिलाय.

म्हशीच्या दुधाचा! कोल्हापुरात!

जुना टेस्टर
तीस वर्षांत "झालंच आहे" म्हटलेलं एक काम झालेलं बघितलं नाही. "झालं", "झालंच", "होत आलंय", "झाल्यातच जमा", ह्यातलं पहिलं सोडून सगळ्यांचा अर्थ "नाही". इंग्रजीत ह्यासाठी व्याख्या लिहावी लागते, आपल्याकडे एका "च"ने कळतं.

मराठीची मास्तरीण
हा "च" खात्रीचा असायला हवा ना व्याकरणाने? "मीच केलं" मध्ये जोर वाढतो. "झालंच आहे" मध्ये उलटा फिरतो, बहुतेक ज्याला पटवायचं आहे तोच तो लावतो म्हणून. कोणी ह्यावर नीट लिहा बुवा.

दूधवाला प्रोग्रॅमर
टिपणात "झालं" एवढंच लिहिलं, आणि खाली बारीक अक्षरात: च चालणार नाही. सचिवांना दाखवलं तर ते हसून म्हणाले, आमच्या इमारत फंडाचं पण पाच वर्षं "झालंच आहे" चालू आहे.